फॉरमॅट मारण्याआधी

पुण्यात आयुष्यभर डीटीपीचं काम केलेल्या माझ्या मावससासूबाई सहा महिन्यांसाठी सिएटलजवळच्या बेलव्ह्यूला आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा सामानात त्यांचा लॅपटॉपही होता. २०१६ सालचा, एक टीबीची हार्ड डिस्क, चार जीबी रॅम, विंडोज १०. एका कवितासंग्रहाची पानं त्या इथे बसून लावणार होत्या. पण बटण दाबल्यापासून पेजमेकर उघडेपर्यंत कुकरच्या शिट्ट्या होऊन जात, आणि फाइल सेव्ह करताना तर पडदा गोठूनच बसे. माझा नवरा, म्हणजे त्यांचा भाचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. त्याच्या मते यावर औषध एकच: सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकायचं. मावशींच्या मते यंत्र आधी दुरुस्त करून बघायचं असतं. त्या दोघांचं बोलणं मी टिपून ठेवलं, कारण हा प्रश्न घरोघरी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट थांबल्यापासून त्याला घाईही चिकटली आहे. आणि घाईत जे पुसलं जातं ते परत मिळत नाही.

भाचा: मावशी, तू कशाला जीव आटवतेस? फॉरमॅट मारून टाकू. आठ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यावर विंडोज उतरवायचं, लॅपटॉप त्यावरून चालू करायचा आणि डिस्क कोरी करायची. लायसन्सची काळजी नको. विंडोज १० या मशीनवर एकदा ॲक्टिव्हेट झालेलं आहे, मदरबोर्ड तोच असेल तर इंटरनेटला जोडल्यावर आपोआप होतं.

मावशी: आणि माझं काय काय जाईल?

भाचा: काही नाही जात. तुझे डॉक्युमेंट्स आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर काढून घेऊ, मग परत टाकू.

मावशी: डॉक्युमेंट्स म्हणजे माझं काम नव्हे रे. फाइल परत येईल, पण तिच्यातला फॉन्ट नसला तर पानावर मराठी उरतच नाही. नुसते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे ढीग दिसतात. तू पाहिलेस का कधी?

भाचा: फॉन्टही कॉपी करू की. फॉन्ट म्हणजे शेवटी फाइलच.

मावशी: फॉन्ट येतील. कीबोर्डचा ड्रायव्हर येईल का? मराठी फॉन्टच्या पॅकेजबरोबर आलेलं लॉक, म्हणजे ते डाँगल, नवं विंडोज ओळखेल का? मी एकेक करून भरलेली शब्दांची यादी कुठल्या फोल्डरमध्ये आहे, सांग. मला ठाऊक नाही. ज्या दुकानातून ते पॅकेज घेतलं होतं, ते बंद होऊन जमाना झाला.

इथे थोडं थांबून सांगते, कारण युनिकोडवर वाढलेल्या वाचकाला मावशींची धास्ती अतिशयोक्ती वाटेल. जुन्या मराठी फॉन्टांत जास्तीत जास्त २५६ घरं असत. देवनागरीची सगळी जोडाक्षरं त्यात मावणं अशक्य, म्हणून अक्षरांचे तुकडे केले जात. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धा क वेगळा, रफार वेगळा. हे तुकडे रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेले असत, आणि कोणता तुकडा कुठे हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवी. त्यामुळे श्रीलिपीत जुळवलेला मजकूर आकृतीच्या फॉन्टात वाचता येत नाही, आणि शिवाजी फॉन्टातला दोन्हींत नाही. संगणकाच्या दृष्टीनं तो मजकूर मराठी नसतोच. तो मराठी आहे हे फक्त त्या फॉन्टला माहीत असतं. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड मुळातून आला तो विंडोज २०००पासून, र. कृ. जोशी यांनी घडवलेल्या मंगल फॉन्टसह. पण तोवर महाराष्ट्रातली छपाई पेजमेकरवर बसली होती, आणि पेजमेकरला युनिकोड कधीच कळला नाही. २००१च्या सातव्या आवृत्तीनंतर त्याची पुढची आवृत्ती निघाली नाही. तरी कितीतरी पुण्या-मुंबईकडच्या डीटीपीवाल्यांनी त्यावरच पुढची वीस वर्षं पुस्तकं काढली.

भाचा: मान्य. पण तुझं म्हणणं असं की, एका जुन्या पॅकेजसाठी सगळा कचरा सांभाळायचा. नऊ-दहा वर्षांत या डिस्कवर काय काय साचलं असेल, तुला कल्पना आहे? प्रिंटर बदलले, त्यांचे ड्रायव्हर राहिले. प्रोग्रॅम काढून टाकले, त्यांच्या सर्व्हिसेस राहिल्या. ठरावीक वेळेला उठणारी कामं राहिली. राइट क्लिक केल्यावर मेनू उघडायला वेळ लागतो ना? प्रत्येक प्रोग्रॅमनं त्यात आपली ओळ घुसवलेली असते. हे एकेक शोधत बसण्यात शनिवार-रविवार जातील. नवीन विंडोज तासाभरात होतं, आणि नंतर आत काय आहे ते मला पक्कं माहीत असतं.

मावशी: तुला माहीत असतं. मला माहीत नसतं. आणि कचऱ्यामुळेच ते हळू चालतं, हे तरी तू बघून बोलतोयस का? की आठवणीतून?

हा प्रश्न मला फार योग्य वाटला. फॉरमॅटचा खरा दोष हा की, दुखणं गेलं तरी ते काय होतं हे कळत नाही, आणि नाही गेलं तर शोधायच्या खुणाही पुसल्या गेलेल्या असतात. मावशी ज्या छापखान्यात सुरुवातीला होत्या तिथे रोज संध्याकाळी ऑफसेटचे रोलर धुऊन ठेवायची शिस्त होती. छपाई फिकी आली की आधी शाई, पाणी, रबर, प्लेट असं क्रमानं बघायचं. कोणी मशीन बदलायला निघत नसे. मावशींच्या प्रश्नावर नवऱ्यानं टास्क मॅनेजर उघडला तो थोडा नाराजीनंच.

भाचा: हे बघ. प्रोसेसर नऊ टक्के. मेमरी ८८ टक्के. डिस्क १०० टक्के, आणि वाचण्याचा वेग सेकंदाला जेमतेम एक-दीड एमबी.

मावशी: डिस्क शंभर टक्के म्हणजे भरली?

भाचा: नाही, भरलेली नाही. शंभर टक्के म्हणजे तिला एक क्षण उसंत नाही. ही जुनी, फिरणारी डिस्क आहे. मिनिटाला ५,४०० फेऱ्या.

मग त्यानं कागदावर गणित मांडलं, आणि ते मला जसंच्या तसं द्यावंसं वाटतं, कारण स्लो कॉम्प्युटरच्या बहुतेक कहाण्या या चार ओळींत येतात. मिनिटाला ५,४०० फेऱ्या म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद. हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच. त्याआधी हेड त्या पट्ट्यावर न्यायला आणखी दहा-बारा. एका वाचनाला १६-१७ मिलिसेकंद धरले तर सेकंदाला साठेक वाचनं होतात, त्याहून जास्त नाही. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर हे चालून जातं. पण विंडोज १० सुरू होताना डिस्कच्या इकडल्या-तिकडल्या कोपऱ्यांतून हजारो बारीक तुकडे मागतं. त्यात मेमरी चारच जीबी, म्हणून न मावणारा भाग पुन्हा त्याच डिस्कवर उतरवून ठेवतं. एसएसडीला फिरायचं काही नसतं. तेच वाचन तिथे साधारण एका मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात होतं.

मावशी: म्हणजे तू फॉरमॅट मारला असतास तरी डिस्क तेवढीच फिरली असती.

भाचा: पहिले काही महिने बरं वाटलं असतं. मागण्या कमी झाल्या असत्या ना.

मावशी: आणि मग?

भाचा: मग पुन्हा हेच. पण मागण्या कमी करणं हाही उपायच आहे, मावशी. थांब, ऑटोरन्स लावतो.

ऑटोरन्स हे सिसइंटर्नल्सच्या संचातलं एक अवजार. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांनी हा संच बनवला आणि २००६मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्यांची कंपनीच घेतली. विंडोजबरोबर आपसूक उठणारं जे जे काही आहे त्याची यादी ते दाखवतं, आणि मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नोंदी लपवल्या की उरलेलं उपरं नजरेला पडतं. मावशींच्या यादीत निघालं ते असं: तीन प्रिंटरांचे पहारेकरी, त्यांतला एकही आता घरात नाही. मुदत संपलेला एक अँटिव्हायरस आणि त्याच्यावर टाकलेला दुसरा. कोणीतरी बसवून दिलेला रजिस्ट्री साफ करणारा प्रोग्रॅम.

भाचा: हा तर आधी काढू. रजिस्ट्रीतल्या जुन्या नोंदी पडून राहिल्यानं वेग कमी होत नाही. त्या कोणी वाचतच नाही. उलट असले क्लीनर एखादी हवी असलेली नोंद उडवतात, आणि मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगते की ते वापरू नका. आणि दोन अँटिव्हायरस म्हणजे प्रत्येक फाइल उघडताना दोघांनी तपासायची. या डिस्कवर!

मावशी: काढू नकोस लगेच. खूण काढून ठेव, दोन दिवस बघू. काही अडलं नाही तर मग काढ.

ऑटोरन्समध्ये हे करता येतं. खूण काढली की नोंद निजते, पुन्हा लावली की उठते. देखभालीची ही बाजू मला सर्वांत मोलाची वाटते: प्रत्येक पाऊल मागे घेता येतं. कोरं करण्यात तशी सोय जवळपास नाही. 'रीसेट धिस पीसी'मध्ये 'माझ्या फाइली ठेवा' हा पर्याय असतो, पण प्रोग्रॅम सगळे जातात आणि डेस्कटॉपवर त्यांची नुसती यादी मागे राहते. डिस्क न पुसता वरून विंडोज टाकलं तर जुनं 'विंडोज डॉट ओल्ड'मध्ये सरकतं खरं, पण दहा दिवसांनी तेही आपोआप पुसलं जातं. शिवाय माणसं ज्याला बॅकअप म्हणतात तो बहुधा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स एवढाच असतो. प्रोग्रॅमांच्या सवयी, ब्राउझरमधले पासवर्ड, स्वतः शिकवलेले शब्द, जुनी ईमेल, हे सगळं ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात असतं. तिकडे कोणी फिरकत नाही. नवीन लॅपटॉपवर तर डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंदही असू शकते. रिकव्हरी की लिहून न घेता हात घातला तर स्वतःच्याच फाइली स्वतःला उघडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं डिस्कची प्रकृती तपासली, आणि वादाला वेगळंच वळण लागलं. हार्ड डिस्क स्वतःच्या बिघाडांची नोंद ठेवत असते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा फुकट प्रोग्रॅम ती वाचून दाखवतो. रंग पिवळा आला. काही सेक्टर बदलून दुसरीकडे नेलेले होते, आणि काही अजून अधांतरी, वाचताच येत नव्हते.

मावशी: सेव्ह करताना जे गोठायचं ते हेच?

भाचा: तेच असणार. एक सेक्टर वाचता आला नाही की डिस्क सोडून देत नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. तेवढा वेळ सगळं थांबतं. आता या डिस्कवर काहीच करायचं नाही. डीफ्रॅग नाही, चेकडिस्कची लांबलचक तपासणी नाही. आणि फॉरमॅटही नाही, मावशी.

मावशी: मी कधी म्हटलं होतं?

भाचा: मी म्हटलं होतं. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. आता आधी पूर्ण डिस्कची प्रत. एकेक सेक्टर जसाच्या तसा, चांगले आधी, अडलेले शेवटी. ती सुखरूप हातात आली की मग दुरुस्ती की नवं, ते भांडू.

प्रत व्हायला रात्र गेली. ती सुरू केली त्या संध्याकाळी तिघं एसआर ५२० महामार्गावरून सिएटलकडे निघालो होतो, आणि नॉर्थअप वे जवळ आला तेव्हा नवऱ्यानं आपली बाजू इतिहासातून मांडली. बेलव्ह्यूत राहणाऱ्यांनाही हे नेहमी ठाऊक नसतं: मायक्रोसॉफ्ट १९७९च्या जानेवारीत अल्बुकर्कीहून आली ती रेडमंडला नाही, बेलव्ह्यूला. आधी डाउनटाउनमधल्या ओल्ड नॅशनल बँकेच्या इमारतीत आणि १९८१पासून नॉर्थअप वेवर. रेडमंडला ती गेली फेब्रुवारी १९८६मध्ये. म्हणजे एमएस-डॉस इथलं, आणि २० नोव्हेंबर १९८५ला बाजारात आलेलं पहिलं विंडोजही इथलंच.

भाचा: आता बघ, त्यांनी काय केलं. डॉसवर विंडोज रचलं. त्यावर ३, त्यावर ९५, ९८, मिलेनियम. जुन्यावर ठिगळं लावत राहिले. शेवटी ते पुढे नेणं अशक्य झालं. पण १९८८मध्येच डेव्ह कटलर नावाच्या प्रोग्रॅमरला आणून त्यांनी वेगळी, कोऱ्या कागदावरून सुरुवात केली होती. त्यातून विंडोज एनटी १९९३ला आलं, आणि २००१च्या एक्सपीपासून घरोघरी तेच आहे. तुझ्या लॅपटॉपवरचं विंडोज १०सुद्धा त्याच कुळातलं. कोणीतरी कोरा कागद घेतला म्हणून आपण इथवर आलो.

मावशी: आणि त्या कोऱ्या कागदावर माझा पेजमेकर चालत होता की नाही?

भाचा: चालत होता.

मावशी: का चालत होता?

भाचा: कारण जुने प्रोग्रॅम चालतील अशी सोय त्यांनी मुद्दाम ठेवली. खूप मेहनतीनं ठेवली.

मावशी: मग तो कागद कोरा कसा? जुनं सगळं काय होतं ते नीट माहीत असलेल्या माणसांनी नवं लिहिलं. तेवढं माहीत असेल तर मीही फॉरमॅटला हो म्हणेन.

इथे नवरा थोडा वेळ बोलला नाही. मीही विचार करत राहिले, कारण त्याच कंपनीचा पुढचा इतिहास मावशींच्या बाजूनं बोलतो. विंडोज व्हिस्टाचं काम अनेक वर्षं रखडल्यावर २००४मध्ये मायक्रोसॉफ्टनं आधी लिहिलेलं बरंचसं बाजूला ठेवून पुन्हा सुरुवात केली. पण शून्यातून नव्हे. पाया घेतला तो विंडोज सर्व्हर २००३चा, जो आधीच चालत होता आणि कसाला उतरला होता. पाण्यापलीकडे सिएटलच्या पायोनियर स्क्वेअरमध्ये पॉल ब्रेनर्ड यांच्या आल्डस कंपनीनं १९८५मध्ये पेजमेकर काढला, आणि १९८७मध्ये तो पीसीवर आणताना सोबत विंडोजचा एक आटोपशीर तुकडाही दिला, कारण तेव्हा विंडोज फारसं कुणाकडे नसे. पुण्यातल्या डीटीपीच्या खोल्यांत जी मराठी पुस्तकं जुळली त्यांची दोन्ही अवजारं या एका सरोवराच्या दोन काठांवरून आली होती. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, की पेजमेकरच्या डब्यावरचा पत्ता त्यांनी कधी वाचला नव्हता. मग त्यांनी पायोनियर स्क्वेअर बघायला न्यायला लावलं.

सगळंच मावशींच्या बाजूनं नव्हतं. नवऱ्याचा सर्वांत भक्कम मुद्दा सुरक्षिततेचा होता, आणि त्यात मी पूर्णपणे त्याच्याबरोबर आहे.

भाचा: तुझ्याकडे गिऱ्हाइकं पेनड्राइव्ह घेऊन येत होती ना? शॉर्टकट व्हायरस किती वेळा आला?

मावशी: सगळ्यांच्याच मशीनवर यायचा. फोल्डर गायब, जागोजागी शॉर्टकट. मुलगा येऊन काढून जायचा.

भाचा: काढला हे कशावरून? एखाद्या प्रोग्रॅमला एकदा पूर्ण अधिकार मिळाले की तो काय काय बदलतो ते त्याच मशीनला विचारून उपयोग नसतो. उत्तर देणाराच फितूर असू शकतो. अशा वेळी साफसफाई म्हणजे अंदाज. खात्री फक्त पुसून नव्यानं टाकण्यात आहे. आणि तू याच लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार करतेस.

मावशी: बँकेचं मी फोनवरून करीन.

भाचा: प्रश्न बँकेपुरता नाही. विंडोज १०ला आता नवी ठिगळं मिळत नाहीत. इथे ३० डॉलर भरून, किंवा सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर ठेवून, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मुदतवाढ घेता येते. त्यानंतर नाही. विंडोज ११ तुझ्या लॅपटॉपवर रीतसर चढणार नाही. त्याला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, तुझा सहाव्या पिढीचा आहे.

मावशी: मग इंटरनेटच काढ त्याचं. पानं लावायला इंटरनेट कशाला लागतं? पुण्यात कित्येक वर्षं नव्हतंच.

भाचा: आणि गिऱ्हाइकाचा मजकूर कसा येणार?

मावशी: दुसऱ्या मशीनवर येईल, तिथे तपासला जाईल, मग पेनड्राइव्हवरून इकडे. तू सांग तसं करीन. पण माझं जुळलेलं मशीन मोडू नकोस.

मला वाटतं, या वादाचा गाभा इथे आहे आणि तो वेगापलीकडचा आहे. ज्या माणसाचं सगळं काम ब्राउझरमध्ये आणि क्लाउडवर असतं त्याला कोरं करणं स्वस्त पडतं. पुन्हा लॉगिन केलं की संसार परत उभा. त्यानं खुशाल फॉरमॅट मारावा, आळस न करता मारावा. पण ज्या मशीनवर एखादं काम वर्षानुवर्षं बसत गेलेलं आहे, तिथे विंडोज, फॉन्ट, कीबोर्ड, प्रिंटरच्या खुणा आणि पेजमेकरचे साचे मिळून एकच अवजार झालेलं असतं. ते पुन्हा जुळवता येईल की नाही हे आधी ठरवायला हवं, आणि ठरवायचा मार्ग एकच: यादी करायची. परत काय काय टाकावं लागेल हे ओळीनं लिहिता आलं, आणि प्रत्येक ओळीसमोर 'हे कुठून मिळेल' हेही लिहिता आलं, तर पुसायला हरकत नाही. एखाद्या ओळीसमोर जागा कोरी राहिली तर पुसू नये.

मराठीत तर हे जास्तच जपायला हवं. युनिकोड हाताशी नव्हता तेव्हाची छोट्या प्रकाशकांची पुस्तकं, दिवाळी अंक, संस्थांची वृत्तं, परदेशातल्या मंडळांच्या स्मरणिका अशा फाइलींत आहेत. त्यांतल्या पुष्कळांचा मजकूर छापील पानाबाहेर आणखी कुठेच नाही. कोणी मशीन स्लो झालं म्हणून फॉरमॅट मारतं, आणि त्याबरोबर तो मजकूर वाचू शकणारं शेवटचं जुळलेलं यंत्रही जातं. फाइल राहते, पण ती उघडत नाही. ॲडोबीच्या इनडिझाइननं पेजमेकरच्या फाइली उघडायची सोय सीएस ६ नंतर बंद केली, म्हणजे ॲडोबीच्या नव्या सॉफ्टवेअरकडून आशा नाही. याबद्दल मला मनापासून काळजी वाटते, आणि म्हणूनच मावशींच्या हट्टाला मी हट्ट म्हणत नाही.

मावशींनी यादी वहीत लिहिली. फॉन्टचे संच. कीबोर्डचा ड्रायव्हर आणि त्याची आवृत्ती. लॉक. पेजमेकर आणि त्याचा क्रमांक. पीडीएफ काढायच्या प्रिंटरची सेटिंग्ज. स्वतःचे साचे: काव्यसंग्रहाचा, समीक्षेचा, तळटिपांच्या पुस्तकाचा. लॉकच्या ड्रायव्हरसमोर जागा कोरीच राहिली.

भाचा: तर मग असं करू. जुन्या डिस्कची प्रत नव्या एसएसडीवर उतरवू, जशीच्या तशी. रॅम आठ जीबी करू. तुझी यंत्रणा तीच राहील, फक्त पायाखालची डिस्क बदलेल.

मावशी: आणि विंडोजच्या स्वतःच्या फाइली बिघडल्या असतील तर? त्या सेक्टरांत काय होतं कोणाला माहीत.

भाचा: त्यालाही उपाय आहे. आधी एसएफसी आणि डीआयएसएम चालवीन, ते विंडोजच्या फाइली मूळ प्रतीशी ताडून बिघडलेल्या बदलतात. तेवढ्यानं भागलं नाही तर आहे त्याच विंडोजमधून सेटअप चालवायचा, फाइली आणि प्रोग्रॅम दोन्ही ठेवून. विंडोज नवं होतं, बाकी जागच्या जागी. त्याला तीच आवृत्ती आणि तीच भाषा लागते एवढंच. पण हे सगळं नव्या डिस्कवर, आणि आधीची प्रत कपाटात असताना.

मावशी: हे तू पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?

भाचा: कारण पहिल्या दिवशी मला फक्त विंडोज दिसत होतं.

एसएसडी बसली. मोजके सेक्टर शेवटपर्यंत वाचता आले नाहीत. त्यांत दोन प्रिंटरच्या मदतपुस्तिकेचे आणि एक जुन्या हिशेबाचा निघाला. पेजमेकर आता चटकन उघडतो. लॅपटॉपचं वायफाय बंद आहे. शेजारी नवऱ्याचा जुना, कोरा केलेला, फक्त ब्राउझर असलेला लॅपटॉप आहे, तिथे गिऱ्हाइकांचा मजकूर येतो. त्या लॅपटॉपला त्यानं फॉरमॅट मारला तेव्हा कोणी काही बोललं नाही, कारण त्यावर टाकायच्या गोष्टींची यादी दोन ओळींची होती.

भांडण मात्र मिटलेलं नाही. पिवळी झालेली जुनी डिस्क पुसून रिसायकलिंगला द्यावी असं नवऱ्याचं म्हणणं आहे. मावशी म्हणतात, सहा महिने थांब. आणि नवा वाद सुरू झाला आहे तो फाइली युनिकोडमध्ये नेण्याचा.

भाचा: तू तरी किती दिवस हे मशीन सांभाळणार? मजकूर बदलून घे, मग कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल. कन्व्हर्टर आहेत.

मावशी: आहेत, वापरलेत. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टात अक्षराच्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर. ती ते हलवतात. रफार उलटा, अक्षरावर नंतर चढतो, आणि युनिकोडमध्ये त्याचा र आधी यावा लागतो. तिथे चुकतात. 'वर्ष'चं भलतंच होतं. चारशे पानांचं पुस्तक पुन्हा अक्षर न् अक्षर वाचावं लागतं.

भाचा: नियम सांग, मी प्रोग्रॅम लिहितो.

मावशी: नियम सांगते. पण आधी हा कवितासंग्रह घे, लहान आहे. तू बदल, मी प्रुफं वाचते. जिथे चुकेल तिथे खूण करीन, मग तू नियम दुरुस्त कर.